मेल्यावर घेतलेले नमुने

बारामती,
१२ मे १९९६

आदरणीय आबांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. कॉलनीतल्या बायकांबरोबरचं पहाटेचं फिरणं तिने अजून काही दिवस बंद ठेवावं. कारखान्याचा हंगाम संपला असेल, त्यामुळे तुमच्या लॅबमध्ये आता शांतता असणार. तुम्हाला ती आवडत नाही हे मला माहीत आहे.

माझं ठीक चाललं आहे. खोली तीच आहे. पाणी एक दिवसाआड येतं आणि मला रोज दोनदा अंघोळ लागते, म्हणून घरमालकीण नाराज असते. तिने एकदा विचारलं, "तुमच्या हापिसात एवढं काय घाण काम असतं वो?" मी म्हटलं, गोठ्यांत जावं लागतं. ते खरं नव्हतं. पण तिचं तेवढ्यावर समाधान झालं.

मी नेमकं काय करते हे कॉलनीत सांगायला तुम्हाला एक वाक्य हवं आहे. ते असं: संकरित गाईंना होणारा गोचीडताप लवकर ओळखण्याची चाचणी आम्ही शोधत आहोत. लोकांना एवढंच सांगा. पुढचं फक्त तुमच्यासाठी लिहिते, कारण आयुष्य लॅबमध्ये घालवलेल्या माणसाला एका वाक्यात गुंडाळणं बरं दिसत नाही.

आजारी गाईच्या प्लीहेचा किंवा गाठीचा तुकडा घ्यायचा. तो वाटून त्यातली प्रथिनं काढायची. मग ती जेलच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने पळवायची. मोठी प्रथिनं वर अडकून राहतात, लहान खाली पळतात. ती जशी लागली असतील तशीच एका पांढऱ्या कागदावर उतरवून घ्यायची आणि त्यावर या तापातून बऱ्या झालेल्या गाईचं रक्तजल, म्हणजे सीरम, सोडायचं. त्या गाईच्या शरीराने ज्या प्रथिनाशी झुंज दिलेली असते, ते रक्तजल बरोबर ओळखतं आणि तिथे तपकिरी पट्टी उमटते. याला ब्लॉट म्हणतात. कागदाच्या मोकळ्या जागा आधी दुधाच्या पावडरीने भरून घ्याव्या लागतात. हे आईला सांगा, तिला हसू येईल.

अडचण अशी की प्रथिन टिकत नाही. गाय मेली की तिच्या पेशींतली विकरं, जी जिवंतपणी आपापल्या जागी बंद असतात, मोकळी होतात आणि समोर येईल ते प्रथिन कापत सुटतात. तुमच्या भाषेत, हा तोडलेला ऊस आहे. उन्हात पडून राहिला की साखर उतरते, आणि मग कारखान्यात कितीही नीट काम करा, उतरलेली साखर परत चढत नाही. फरक इतकाच की उसाला सडतानाही वास गोड येतो.

मला जे करता येतं ते मी करते. धरणाकाठच्या पळसदेवला मासळीच्या व्यापाऱ्याकडून बर्फ घेते. त्याला मासळीचा वास असतो, पण थंडपणात तो कमी नाही. विकरांना थोपवणारं एक रसायन आहे. ते पाण्यात टाकलं की थोड्याच वेळात मरतं, म्हणून आधी मिसळून ठेवून चालत नाही. तुकडा हातात आल्यावर, ऐन वेळी घालायचं. नमुना लहान लहान नळ्यांत वाटून गोठवायचा, म्हणजे एका वेळी लागेल तेवढीच नळी काढता येते. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. हा नियम मी मोठ्या अक्षरांत फ्रीझरच्या दारावर चिकटवला आहे. गेल्या आठवड्यात मी आत गेले तेव्हा फ्रीझरमध्ये आमरसाचं पातेलं होतं आणि माझ्या नळ्या टेबलावर. आमच्या लॅबचे प्रमुख डॉ. रणजित सर, त्यांच्या घरी साखरपुडा होता. मी नळ्या उचलून दाखवल्या. सर म्हणाले, "अगं, परत ठेव की आत. तासाभरात घट्ट होतील." ते पशुवैद्यक आहेत, परदेशात जाऊन आलेत. त्यांना हे कळत नाही असं नाही.

हे सगळं करूनही ब्लॉट वाईट येतात. वरपासून खालपर्यंत तपकिरी लोळ, एसटी स्टँडच्या भिंतीच्या कोपऱ्यासारखा. त्या घाणीत खाली एक पट्टी मात्र दर वेळी स्पष्ट येते. सर त्या पट्टीवर फार खूश आहेत. त्यांच्या मते गोचीडतापाच्या जंतूचं हे नवं प्रथिन आहे, आजवर कुणी नोंदवलेलं नाही. त्यांनी पेपर लिहायला घेतला आहे. मला ती पट्टी आवडत नाही. मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडून ती झाली असावी असा मला संशय आहे. तसं मी म्हटलं, तर सर म्हणाले, "संशय हा वैज्ञानिकाचा गुण आहे, पण सगळ्यावर घ्यायचा नसतो."

नमुने मेलेल्या गाईंचे असतात. जिवंत गाईंचे मिळण्यात काही अडचणी आहेत. उन्हाळ्यात मेलेली गाय फार लवकर फुगते. पोट चिरलं की आधी हवा बाहेर येते, मग बाकीचं. हातमोजे घातले तरी तो वास नखांत राहतो, केसांत राहतो, आणि डब्यातली पोळी तोंडाशी नेली की पुन्हा येतो. मी हल्ली चमच्याने भात खाते. हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नका.

बाकी सर्व ठीक. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मेघना


बारामती,
३० जून १९९६

आदरणीय आबांस,
सविनय जय भीम.

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला मी उशीर केला. काम होतं हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

आधी इकडचं सांगते. भारनियमन कमी झालं आहे. सरांनी फ्रीझरसाठी वेगळं कनेक्शन घेतलं. पेपर पुण्याच्या परिषदेला गेला. त्यावर माझंही नाव आहे. मला विचारून घातलेलं नाही, पण तसं कुणीच विचारत नाही. दूध संघातल्या काही मंडळींना सरांनी लॅब दाखवली, पेढे वाटले, आणि या पट्टीवरून गोठ्यात करता येईल अशी चाचणी वर्षभरात निघेल असं सांगितलं. एका गृहस्थांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कुणाच्या?" सर म्हणाले, "आमच्याच. फार धाडसी मुलगी आहे." मी तेव्हा जेल ओतत होते. वर बघितलं नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही तो एका ओळीत विचारलात: "अडचणी म्हणजे कसल्या? आम्ही तोडीआधी उभ्या उसाचा रस तपासतो, वाळल्यावर नाही. गाय तापात असतानाच नमुना का घेत नाही?"

घेता येतो. गोचीडतापात गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजते. तिच्यात सुई घालून थोडं पाणी काढलं तर तेवढं पुरतं. गाईला रक्त काढण्याइतकाच त्रास होतो. मला ते येतं. लॅबच्या वासरावर सरांनीच शिकवलं.

अडचण मी आहे.

मेच्या शेवटी पळसदेवला बर्फ आणायला गेले होते. डेअरीवर कळलं की गेणबा नावाच्या शेतकऱ्याची गाय तापली आहे आणि गाठ मुठीएवढी झाली आहे. थर्मासमध्ये ताजा बर्फ होता, सुया होत्या, रसायन होतं. इतकी सगळी तयारी एका वेळी कधी जुळून येत नाही. मी थेट त्यांच्या गोठ्याशी गेले. गेणबा बाजेवर बसले होते. साठीचे असतील. मी काय करणार ते नीट सांगितलं. त्यांची बायको, कौसल्याबाई, तोवर गाईचं दावं धरून उभीही राहिली होती.

"घिऊ द्या की वो," ती म्हणाली. "डागदर टोचत न्हाय व्हय? तसंच हाय ह्ये."

गेणबांनी मला नखशिखांत पाहिलं. "आडनाव काय म्हनला?"

मी सांगितलं नव्हतं. सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं. मग त्यांना पुढचं विचारायची गरज उरली नाही.

"न्हाय बाई. दुभती हाय. दूध डेरीला जातंय. उद्या कोन काय म्हनलं तर आमाला निस्तराया लागंल."

"हातमोजे असतात, मामा. सुई नवी आहे."

"मोजं घाला न्हाय तर काय बी घाला. राग मानू नका. तिचं काय कमीजास्त झालं तर मी हापिसात फोन करतो की. तवा या तुमी. तवा कोन नगं म्हनतंय तुमाला?"

कौसल्याबाईने दावं सोडलं आणि ती शेणाची पाटी उचलून आत गेली.

दोन दिवसांनी फोन आला. कमीजास्त झालं होतं. मी पोचले तेव्हा गाय ट्रॅक्टरला बांधून धरणाच्या काठाला ओढून टाकलेली होती. पाणी फार मागे गेलं आहे, एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ पुरतं उघडं पडलं आहे. काठाच्या भेगाळलेल्या गाळात ती पडली होती आणि तिच्या डोळ्यांवर माश्या बसल्या होत्या. ही तीच गाय. तिची गाठ आदल्या खेपेला माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. आता मी तिच्या बरगडीखाली चिरलं आणि प्लीहा काढली. ती हातात तुकड्यातुकड्यांनी आली. ताज्या प्लीहेला आकार असतो, हिला उरला नव्हता. तरी मी रसायन घातलं, तरी बर्फात ठेवली. गेणबा वाऱ्याच्या वरच्या बाजूला तोंडाला उपरणं लावून उभे होते. कौसल्याबाई त्यांच्याही मागे.

"त्या दिशी टोचू दिलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली.

"गप," गेणबा म्हणाले. मग मला, "झालं का तुमचं?"

"झालं."

"मग आता बाकीचं?"

मला कळलं नाही. मी विचारलं, बाकीचं काय.

"कातडं न्ह्याचं न्हवं?" ते म्हणाले. "न्या की. आमचं काय म्हननं न्हाय. तुमच्या लोकांचा मानच हाय त्यो. माज्या आज्यानं कधी मागं मागितलं न्हाय, मी कशाला मागू? हाडंबी न्या."

आबा, त्यांनी हे चिडून म्हटलं नाही. हे मला नीट लिहायला हवं. ते मनापासून, देणाऱ्याच्या आवाजात म्हणाले. मी एवढं लांबून आले, उन्हात काम केलं, रिकाम्या हाताने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, मी कातडं नेत नाही. मी बारामतीच्या प्रयोगशाळेतून आले आहे.

"ठावं हाय की. सायबांनीच तर सांगितलं. म्हनले, आमच्याकडं त्यांच्यातलीच बाई हाय, शिकलेली. ती समदं बघती. जनावर मेलं की बिनघोर बोलवा."

परतताना एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. अंगाला वास येत होता, त्यामुळे त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, उलट समजावलं. म्हणाले, "खेड्यात काम करायचं तर लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावं लागतं. आधी कुणी फोनच करत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि फोन सुरू झाले. बघ ना, नमुने येतायत." मी विचारलं, सुमितला का पाठवत नाही? सुमित माझ्याबरोबरच लागला, काम तेच करतो. जिवंत गाईंच्या दुधाचे नमुने आणायला तो जातो आणि गोठ्यागोठ्यातून चहा पिऊन येतो. सर म्हणाले, "सुमितला ते जमणार नाही. उलटी करेल. खरं सांगू? तुझी निवड केली तेव्हाच माझ्या डोक्यात हे होतं. ही मुलगी मागे हटणार नाही, हिच्या रक्तात आहे ते."

माझे एम.एस्सी.चे गुण त्यांना आठवत नव्हते. मी आठवणही करून दिली नाही. मला तेव्हा त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास, पेढ्यांचा रिकामा खोका, त्यांचा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, सगळ्याची किळस आली. गाईची अशी कधी आली नव्हती. गाय मेल्यावर सडणारच. तिचा त्यात काही हेतू नसतो.

दर ऑक्टोबरात तुम्ही आजोबांचं सांगता. दीक्षा घेऊन आले आणि चावडीवर म्हणाले, उद्यापासून मेलेलं ढोर ज्याचं त्याने ओढावं. मग गावाने त्या सालभर आपल्याला कुणाच्या रानात पाऊल टाकू दिलं नाही. आजी पाला खायला घालायची, आणि तरी आजोबा हटले नाहीत. मी हे ऐकत मोठी झाले. आणि गेलं वर्षभर मी पांढरा एप्रन घालून गावोगावी तेच काम करते आहे. कागदावर त्याला नमुना म्हणतात, म्हणून मला वाटत होतं की ते वेगळं आहे. मला हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. तुम्ही कॉलनीत संशोधक मुलगी म्हणून सांगता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, एका ओळीत: आमची प्रथिनं सडलेली येतात, कारण मला गाईला मेल्यावरच शिवू देतात.

पट्टीचा संशय मला आता खरा करून पाहायचा आहे. त्यासाठी एक जिवंत आजारी गाय हवी. सांगवीच्या तुळसा मावशीच्या गाईला गोचीड फार झालेत असं आईने मागे लिहिलं होतं. ताप आला तर लॅबवर लगेच फोन करायला सांगा. कुणाच्या गाईला ताप यावा असं वाटणं चांगलं नाही. मला वाटतं आहे.

मेघना


बारामती,
१८ ऑगस्ट १९९६

आदरणीय आबांस,
जय भीम.

मावशीची गाय बरी आहे. आधी हे लिहिते, कारण आईने तिच्याबद्दल दोनदा विचारलं. नमुना घेतल्यावर लगेच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ती आता पूर्वीइतकं दूध देते आणि पूर्वीइतक्याच लाथा मारते.

मावशीने मला काही विचारलं नाही. गाईचं डोकं काखेत धरून उभी राहिली. "टोच. हलली तर मला शिव्या दे, तिला नगं." सुई गाठीत गेली आणि पाणी आलं, स्वच्छ, किंचित गुलाबी. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ हातात आल्यासारखं झालं. ते मी तीन भागांत वाटलं. एक भाग जागेवरच उकळला. उकळलं की विकरं मरतात, मग कापायला कुणी उरत नाही. मावशीचा चहाचा स्टोव्ह वापरला. जे द्रावण घालून उकळायचं असतं, त्याला फार घाण वास येतो.

"काय रांधतीस ग ह्ये?" मावशी म्हणाली. "उंदीर मेल्यावानी वास मारतोय. जावयाला असलं घालू नगंस. पळून जाईल."

"आधी जावई येऊ दे."

"ह्यो वास घिऊन फिरलीस तर यील व्हय?"

दुसरा भाग रसायन घालून बर्फात ठेवला. तिसरा काहीही न करता गोठ्याच्या वळचणीला, उन्हाच्या तोंडाशी ठेवला. मेलेल्या गाईचा फोन येऊन मी पोचेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा. मग संध्याकाळच्या एसटीने तिन्ही घेऊन आले.

ब्लॉट आला. तो मी इथे शब्दांत देते, कारण कागद मला जपून ठेवायचा आहे. उकळलेल्या भागात वर एकच पट्टी, रेघ ओढल्यासारखी. बर्फातल्या भागात तीच. उन्हातल्या भागात वरची पट्टी फिकट, मध्ये लोळ, आणि खाली सरांची पट्टी. नवं प्रथिन नाही. तेच जुनं, मोठं, तुटलेलं.

मी तो कागद सरांसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. माझी खात्री आहे की त्यांना पहिल्या नजरेतच कळलं. मग म्हणाले, "गाय कुणाची?"

"माझ्या मावशीची."

"म्हणजे तुमच्या वस्तीतली. घरच्या गाईवरून निष्कर्ष काढायचा? पक्षपात म्हणतील."

मी म्हटलं, "मग दुसरी घ्या सर. ज्यांची हवी त्यांची, फक्त जिवंत. सुमितला पाठवा. मी गोठ्याबाहेर बर्फ घेऊन थांबते."

सुमित गेला. भवानीनगरच्या अलीकडे एका बागायतदाराची गाय. तो आतून सिरिंज घेऊन आला आणि मी बांधावर बसून नळ्या भरल्या. सुमित वाईट मुलगा नाही. परतताना म्हणाला, "मला कुणी आडनाव विचारलं नाही गं." मी म्हटलं, मला माहीत आहे. या गाईचा ब्लॉटही मावशीच्या गाईच्या ताज्या नमुन्यासारखाच आला. एक रेघ. खाली काही नाही.

आता सर पक्षपात म्हणेनात. म्हणाले, "पेपर स्वीकारला गेलाय. दूध संघाला शब्द दिलाय. आता मागे घेतला तर लॅबची अब्रू काय राहील?"

"सर, ती पट्टी जिवंत गाईत सापडतच नाही. आपली चाचणी फक्त मेलेल्या गाईला सांगेल की तू आजारी होतीस. तापलेल्या गाईचा मालक चाचणी करेल, त्याला काही दिसणार नाही, तो इंजेक्शन देणार नाही."

"ते पुढच्या टप्प्यात बघू."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, तुझं नाव पहिलं घालतो. माझ्याही आधी. तुझी पीएच.डी.ची नोंदणी माझ्याकडेच आहे, तुला पुढे काही अडचण येणार नाही. तुझ्या समाजातल्या किती मुलींना अशी संधी मिळते?"

मला वाटतं, हे त्यांनी गेणबांच्याच आवाजात म्हटलं. देणाऱ्याच्या.

मी नाव काढायला सांगितलं. ते हसले. म्हणून मी दुसऱ्या दिवशी परिषदेच्या संयोजकांना स्वतः लिहिलं, दोन्ही गाईंच्या ब्लॉटचे फोटो जोडले, आणि खालची पट्टी नमुना सडल्यामुळे येते, या पेपरात माझं नाव राहू नये, असं कळवलं. एक प्रत विद्यापीठात पाठवली. एक सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या नकळत काही करायचं नव्हतं. सुमितने सही केली नाही. त्याच्या घरी अडचण आहे. मी आग्रह केला नाही.

संयोजकांचं उत्तर अजून नाही. येईल की नाही ते माहीत नाही. सरांचं उत्तर त्याच दिवशी आलं. माझी नोंदणी त्यांनी रद्द करायला पाठवली आहे आणि महिन्याअखेर माझं काम संपतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि यापुढे फोन आले की मेलेल्या गाईंना कोण जाणार?"

मी म्हटलं, "कुठे चिरायचं ते तुम्हाला माहीत आहे, सर."

काल इंदापूरकडून एक फोन आला होता. सर स्वतः गेले. सुमित सांगत होता, गाईपासून पंधरा पावलांवर उभं राहून त्यांनी गड्याला चिरायला सांगितलं आणि गड्याने त्यांना सांगितलं की हे त्याचं काम नाही.

आता तुमच्या पत्राचं. तुम्ही लिहिलंत, राजीनामा दे आणि घरी ये, कुणाशी भांडू नकोस, कॉलनीत विचारलं तर तब्येत बरी नव्हती म्हणून सांगू. बँकेच्या परीक्षेचं जाहिरातीचं कात्रणही जोडलंत. तुम्ही माझ्या काळजीने लिहिलंत हे मला कळतं. मेच्या पत्रात मी ज्या गोष्टीला अडचणी म्हटलं होतं, तिला मी स्वतः कितीतरी दिवस तसंच म्हणत राहिले. म्हणून मला तुमच्यावर रागवता येत नाही.

राजीनामा मी देणार नाही. त्यांनी काढून टाकावं आणि कारण लेखी द्यावं. नोंदणीसाठी मी पुण्यात दुसरं कुणी मार्गदर्शक घेतील का ते विचारते आहे. नाही मिळाले तर बँकेची परीक्षा देईन. ती वाईट नोकरी नाही. पण आधी मी हे काम कुठेतरी नीट पुरं करण्याचा प्रयत्न करणार. ती वरची पट्टी खरी आहे, आबा. ती जिवंत गाईत, तापाच्या सुरुवातीलाच दिसते. तिच्यावरून चाचणी होऊ शकते. हे मला ठाऊक आहे आणि सध्या बहुधा मला एकटीलाच.

महिन्याअखेर काही दिवस घरी येईन. तोवर कॉलनीत लोक विचारतील. माझी तब्येत चांगली आहे. मुलीचं काम का सुटलं असं कुणी विचारलं तर तुम्ही, आजोबांच्या मुलाने, त्यांना असं सांगा: मेलेल्या गाईला जायचं नाही म्हणाली. एवढंच, आणि मोठ्याने.

तुमची मुलगी,
मेघना